विश्लेषण : विरोधकांना सोडून मित्रपक्षच एकमेकांना ऑनलाइन का झोडपतात?

६ डिसेंबर २०२४. विधानसभेचा निकाल लागून जेमतेम दोन आठवडे झाले होते आणि महाविकास आघाडीचे तीन मोठे पक्ष मिळून ४६ आमदारांवर आले होते. त्या दिवशी उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेचे विधान परिषदेतील आमदार मिलिंद नार्वेकर यांनी एक्सवर एक पोस्ट टाकली. बाबरी मशीद पाडतानाचे छायाचित्र आणि ज्यांनी हे केले त्यांचा अभिमान वाटतो, अशा अर्थाचे बाळासाहेब ठाकरे यांचे विधान. शिवसैनिकांना त्यात नवे काही नव्हते. दरवर्षी ६ डिसेंबरला अशा पोस्ट पडतातच.

पण आघाडीत समाजवादी पक्षही होता. दुसऱ्याच दिवशी त्या पक्षाचे अबू आझमी यांनी आघाडीतून बाहेर पडत असल्याचे जाहीर केले. आघाडीतलाच पक्ष अशी भाषा बोलणार असेल, तर त्याच्यात आणि भाजपमध्ये फरक काय, असा त्यांचा सवाल होता. त्यावर आदित्य ठाकरे यांनी समाजवादी पक्षाच्या राज्यातील काही नेत्यांना भाजपची 'बी टीम' ठरवले. विरोधी पक्षनेतेपदासाठी प्रघाताप्रमाणे लागणारे दहा टक्के आमदार, म्हणजे २८८ पैकी २९, आघाडीतल्या कुठल्याच पक्षाकडे नव्हते. अशा वेळी समाजवादीचे दोन आमदार एका पोस्टवरून दुरावले.

जाणकार म्हणतील, समाजवादी पक्ष जागावाटपापासूनच नाराज होता. खरे आहे. पोस्ट हे कारण नव्हते, निमित्त होते. मात्र आता या निमित्ताचा स्क्रीनशॉट निघतो आणि त्यावर तारीख असते. 'माझ्या बोलण्याचा विपर्यास झाला' हे राजकारणातले जुने, हुकमी वाक्य तिथे चालत नाही.

विरोधकापेक्षा मित्र जास्त का टोचतो?

गावाकडे बांधावरून भांडण होते ते शेजारच्या भावाशी. चार कोसांवरच्या माणसाशी होत नाही. युतीतल्या पक्षांचेही तसेच आहे. भाजपच्या कार्यकर्त्याला काँग्रेसचा पक्का मतदार आपल्याकडे येणार नाही हे ठाऊक असते. पण शिंदे यांच्या शिवसेनेचा मतदार येऊ शकतो. काँग्रेस आणि शरद पवार यांच्या राष्ट्रवादीचेही तसेच. मतदार सारखा, विषय सारखे आणि उमेदवारीची जागा एकच. विरोधक मतदानाच्या दिवशी आडवा येतो, मित्रपक्ष त्याच्या कितीतरी आधी, जागावाटपात.

महाराष्ट्रात त्यात आणखी एक भर पडली. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. इतर अनेक महापालिका, जिल्हा परिषदा आणि नगरपालिकांतही वर्षानुवर्षे प्रशासक राहिले. ज्याने पाच वर्षे वॉर्डात काम केले, त्या कार्यकर्त्याकडे ना पद, ना निधी, ना सभागृह. नेत्याच्या डोळ्यांसमोर राहायचे तर हातात उरला तो मोबाइल. याच काळात राज्यातल्या दोन पक्षांची चार शकले झाली आणि एकेका वॉर्डात 'आपल्या' बाजूचे तीन-तीन इच्छुक तयार झाले. यातल्या कुणाला मित्रपक्षाचे कौतुक करून तिकीट मिळणार आहे?

आता यंत्राकडे वळू. मी अभियांत्रिकी शिकलो असल्याने मला हा भाग जास्त रंजक वाटतो, पण शक्य तितका सोपा सांगतो. फेसबुक असो की एक्स, तुमच्या फीडमध्ये काय वर येणार हे माणूस ठरवत नाही. प्रत्येक पोस्टला गुण मिळतात आणि जास्त गुणांची पोस्ट वर जाते. फेसबुकने २०१७ मध्ये लाइकशेजारच्या इमोजींना, त्यात रागाने लाल झालेला चेहराही आला, साध्या लाइकच्या पाचपट वजन दिले होते. २०१८ च्या सुरुवातीला कमेंट आणि शेअर यांना जास्त महत्त्व देणारा मोठा बदल झाला. कंपनीचा हेतू 'लोकांनी एकमेकांशी बोलावे' असा होता. लोक बोलले, पण कसे, ते २०२१ मध्ये फ्रान्सिस हॉगेन या माजी कर्मचारी महिलेने बाहेर आणलेल्या अंतर्गत कागदपत्रांतून दिसले. पोलंडमधल्या एका पक्षाच्या सोशल मीडिया चमूने कंपनीला सांगितले होते की, आधी आमच्या निम्म्या पोस्ट सकारात्मक असायच्या, या बदलानंतर ८० टक्के नकारात्मक कराव्या लागल्या. रागाच्या इमोजीचे वजन कंपनीने पुढे काढून टाकले. पक्षांना लागलेली सवय मात्र तशी काढता आली नाही.

त्याच वर्षी 'पीएनएएस' या विज्ञान नियतकालिकात एक अभ्यास छापून आला. अमेरिकेतील माध्यमे आणि लोकप्रतिनिधी यांच्या फेसबुक-ट्विटरवरच्या सुमारे २७ लाख पोस्ट तपासल्या होत्या. पोस्टमध्ये विरुद्ध गटाचा उल्लेख करणारा एक शब्द वाढला की ती शेअर होण्याची शक्यता सुमारे ६७ टक्क्यांनी वाढते, असे त्यात आढळले. आपल्या गटाबद्दलच्या पोस्टपेक्षा समोरच्या गटाबद्दलच्या पोस्ट जवळपास दुप्पट शेअर होत होत्या.

अमेरिकेत दोनच मोठे पक्ष आहेत, त्यामुळे 'समोरचा' कोण ते ठरलेले असते. आपल्याकडे युतीच्या कागदावर मित्रपक्ष आपला असतो, पण फीडमध्ये तो परका ठरतो. शिवाय, माझ्या मते, तो जास्त सोयीचा परका असतो. पक्क्या विरोधकाचे लोक आपल्या यादीत नसतात, एकमेकांना ब्लॉक करून मोकळे झालेले असतात. मित्रपक्षाचे लोक यादीत असतात. निवडणुकीत एकत्र प्रचार केलेला असतो, ग्रुपही एकच असतात. त्यांना डिवचले की दोन्ही बाजूंचे वाचक जमतात आणि कमेंट वाढतात. २०२३ पासून एक्स आपल्या पैसे भरणाऱ्या खातेदारांना कमाईचा वाटाही देऊ लागले आहे. म्हणजे भांडण लावून देणाऱ्याला भाडेही मिळू शकते.

मग पूर्वी मित्रपक्ष भांडत नव्हते का?

भांडत होते, आणि कडाडून भांडत होते. २०१४ ते २०१९ या काळात शिवसेना सत्तेत होती, तिचे मंत्री मंत्रिमंडळाच्या बैठकीला बसत होते आणि 'सामना'च्या अग्रलेखांतून त्याच सरकारची सालटी निघत होती. जानेवारी २०१८ मध्ये शिवसेनेने स्वबळावर लढण्याचा ठराव केला. वर्षभराने लातूरच्या मेळाव्यात अमित शहा यांनी, सोबत न येणाऱ्या मित्रांनाही आपटू, अशी भाषा वापरली. आणि १८ फेब्रुवारी २०१९ ला दोघांनी शेजारी बसून युती जाहीर केली. लोकसभेला ४८ पैकी ४१ जागा मिळाल्या. पाच वर्षे इतके तोंडसुख घेऊनही शिवसैनिकाचे मत कमळाला आणि भाजपच्या मतदाराचे मत धनुष्यबाणाला गेले.

त्या भांडणाला नळ होता, हे त्याचे एक कारण. वृत्तपत्र एक, पत्रकार परिषदा ठरावीक नेत्यांच्या. वरून आदेश आला की दुसऱ्या दिवशी अग्रलेखाचा विषय बदलत असे. कार्यकर्त्यालाही कळायचे की हा सौदा चालू आहे. आज तो नळ राहिलेला नाही. मुंबईत दोन नेते गळ्यात हार घालतात, त्याच वेळी तालुक्यातला मुलगा मित्रपक्षाच्या आमदाराची जुनी चित्रफीत कापून त्यावर गाणे लावत असतो. त्याला थांबायला सांगणारे कुणी नसते. सांगितले, तरी आधी गेलेली रील चाळीस ग्रुपमधून परत कशी बोलावणार?

सप्टेंबर २०१४ मध्ये देवेंद्र फडणवीस यांनी ट्विटरवर लिहिले होते की भाजप राष्ट्रवादीशी कधीही युती करणार नाही. 'कधीही नाही' तीनदा लिहिले होते. अजित पवार यांच्याबद्दलचे त्यांचे 'चक्की पीसिंग' तर लहान मुलांनाही पाठ झाले. २७ जून २०२३ ला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी भोपाळमध्ये राष्ट्रवादीवर ७० हजार कोटींच्या घोटाळ्यांचे आरोप केले. २ जुलैला अजित पवार राजभवनात उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेत होते. त्या पाच दिवसांत भाजपच्या कार्यकर्त्यांनी भोपाळच्या भाषणाचे तुकडे किती ठिकाणी पाठवले असतील! ते त्यांच्याच फोनमध्ये राहिले. लोकसभेच्या निकालानंतर 'ऑर्गनायझर' आणि 'विवेक' या संघ परिवारातल्या नियतकालिकांनीही अजित पवार यांना सोबत घेण्यावर टीका केली, तेव्हा हा घरचा आहेर सर्वांत उत्साहाने फिरवला तो महायुतीतल्याच दोन बाजूंनी : एकाने 'बघा, आम्ही म्हणत होतो' म्हणून, दुसऱ्याने 'बघा, आमची किंमत' म्हणून.

बंद मांडवातले बोलणेही आता बंद राहत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री तानाजी सावंत आपल्या लोकांसमोर बोलता बोलता म्हणाले की, मंत्रिमंडळात राष्ट्रवादीवाल्यांच्या मांडीला मांडी लावून बसतो, पण बाहेर आलो की उलट्या होतात. समोर बसलेल्या शिवसैनिकांसाठी ते हशा पिकवणारे वाक्य होते. काही तासांत ते राष्ट्रवादीच्या प्रत्येक कार्यकर्त्याने ऐकले, आणि त्याला हसू आले नाही.

मग महायुती जिंकली कशी?

हा प्रश्न रास्त आहे, आणि 'ऑनलाइन भांडलात तर बुडालात' असे सरसकट म्हणणाऱ्यांनी तो टाळू नये. विधानसभेच्या तोंडावर महायुतीत लाडक्या बहिणीवरून जुंपली होती. योजनेचे नाव 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण', मुख्यमंत्री एकनाथ शिंदे, अर्थसंकल्पात घोषणा करणारे अर्थमंत्री अजित पवार आणि सर्वांत मोठा पक्ष भाजप. राष्ट्रवादीच्या गुलाबी जाहिरातींत 'मुख्यमंत्री' हा शब्द गाळला म्हणून शिवसेनेच्या मंत्र्यांनी मंत्रिमंडळाच्या बैठकीत तक्रार केली. तिकडे 'देवाभाऊ'चे फलक लागले. समाजमाध्यमांवर तिन्ही पक्षांची पोरे 'बहिणीचा खरा भाऊ कोण' यावर भांडत राहिली. निकाल आला तेव्हा भाजप १३२, शिवसेना ५७, राष्ट्रवादी ४१.

माझा निष्कर्ष असा की सगळी भांडणे सारखी महाग पडत नाहीत. श्रेयाच्या भांडणात तिघेही एकाच गोष्टीची जाहिरात करत होते. दादांनी दिले म्हणा, भाईंनी दिले म्हणा की देवाभाऊंनी, १,५०० रुपये जमा होत होते आणि भांडणामुळे योजनेचे नाव तीन तोंडांतून घरोघर जात होते. श्रेय वाटून घेता येते, कमी-जास्त का होईना.

उमेदवारी तशी वाटता येत नाही. लोकसभेला सांगलीत काय झाले ते आठवा. वसंतदादा पाटील यांचे नातू विशाल पाटील काँग्रेसकडून इच्छुक होते. ठाकरे यांच्या शिवसेनेने डबल महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटील यांची उमेदवारी परस्पर जाहीर करून टाकली. पुढचे काही आठवडे महाराष्ट्रभर भाजपविरोधात एकत्र असलेले दोन पक्ष सांगलीपुरते एकमेकांची उणीदुणी काढत होते. विशाल पाटील अपक्ष उभे राहिले आणि एक लाखाहून अधिक मतांनी निवडून आले. आघाडीच्या अधिकृत उमेदवाराला ६० हजारांच्या आसपास मते पडली. भाजप इथे हरलाच, म्हणून आघाडीने जखम झाकून टाकली. पण 'सांगली पॅटर्न' हा शब्द दोन्ही पक्षांच्या कार्यकर्त्यांच्या तोंडी बसला, आणि तो धमकीसारखा वापरला जाऊ लागला.

विधानसभेला सोलापूर दक्षिणमध्ये त्याची किंमत मोजावी लागली. तिथे आघाडीचे अधिकृत उमेदवार ठाकरे यांच्या शिवसेनेचे अमर पाटील होते. २० नोव्हेंबरला, मतदान सुरू असताना, सुशीलकुमार शिंदे आणि खासदार प्रणिती शिंदे यांनी अपक्ष धर्मराज काडादी यांना पाठिंबा जाहीर केला. पूर्वी अशी बातमी दुसऱ्या दिवशीच्या पेपरात आली असती, मतदान उरकल्यावर. आता ती रांगेत उभ्या असलेल्या मतदाराच्या हातात आली. ठाकरे गटाच्या कार्यकर्त्यांनी शेजारच्या मतदारसंघात त्या दुपारी काँग्रेससाठी किती जीव तोडून काम केले असेल, याचा अंदाज करायला पाहणीची गरज नाही. दक्षिणमध्ये भाजपचे सुभाष देशमुख निवडून आले.

हीच गोष्ट आकड्यांत बघायची तर दिल्लीत जावे लागेल. लोकसभेला आम आदमी पक्ष आणि काँग्रेस तिथे एकत्र लढले होते. सातही जागा गेल्या, हेही सांगायला हवे. नुसत्या युतीने काही जिंकता येत नाही. विधानसभेला दोघे वेगळे झाले आणि जानेवारी २०२५ मध्ये 'आप'च्या पोस्टरवर भाजप नेत्यांच्या शेजारी राहुल गांधींचाही चेहरा 'बेईमानां'च्या रांगेत लागला. काँग्रेसनेही परतफेड केली. ८ फेब्रुवारीला निकाल आला : भाजप ४८, आप २२, काँग्रेस शून्य. नवी दिल्लीत अरविंद केजरीवाल ४,०८९ मतांनी पडले. तिथले काँग्रेसचे उमेदवार संदीप दीक्षित यांना ४,५६८ मते होती. ही सगळी मते केजरीवालांना गेली असती असे कुणीच सांगू शकत नाही. त्या दिवशी इंडिया आघाडीतलेच ओमर अब्दुल्ला यांनी महाभारत मालिकेतला एक तुकडा टाकून 'आणखी लढा आपसात' असा टोमणा मारला. मित्रांच्या ऑनलाइन भांडणावरची ती टीकासुद्धा मित्राने ऑनलाइनच केली.

हे 'हितचिंतक' कोण असतात?

१३ जून २०२३ ला वृत्तपत्रांत पहिल्या पानावर जाहिरात आली : 'राष्ट्रात मोदी, महाराष्ट्रात शिंदे'. तिच्यात एका सर्वेक्षणाचा हवाला होता. मुख्यमंत्री म्हणून शिंदे यांना २६.१ टक्के आणि फडणवीस यांना २३.२ टक्के पसंती. फडणवीसांचे छायाचित्र नव्हते. भाजपच्या समर्थकांनी दिवसभर मोबाइलवर जो जाळ केला, त्यानंतर दुसऱ्या दिवशी दोघांच्या छायाचित्रांसह नवी जाहिरात छापून आली. शिवसेनेचे म्हणणे, पहिली जाहिरात पक्षाने दिलीच नव्हती, कुणा हितचिंतकाने दिली असेल.

हा हितचिंतक महाराष्ट्राच्या राजकारणात फार कामाचा माणूस आहे. जाहिरातीचे पैसे तो देतो, पेज तोच चालवतो. मित्रपक्षाच्या मंत्र्याची टिंगल करणारा हॅशटॅगही त्याचाच. नेत्याला जे बोलायचे असते पण बोलता येत नाही, ते हितचिंतक बोलतो. लागू पडले तर जागावाटपात वजन वाढते. अंगाशी आले तर 'आमचा त्याच्याशी संबंध नाही'. नळ राहिलेला नाही असे वर म्हटले, ते अर्धेच खरे आहे. काही ठिकाणी पाणी मुद्दाम गळू दिले जाते, आणि त्याचा जाब मला खालच्या पोरापेक्षा वरच्या नेत्याला विचारावासा वाटतो. पोराला निदान तिकिटाची आशा असते. केसेस होतात त्या त्याच्यावर, आणि युती झाली की काल ज्याला शिव्या दिल्या त्याच्या घरी प्रचाराची पत्रके घेऊन जावे लागते तेही त्यालाच. मतांचे हस्तांतरण म्हणून जे काही असते, ते त्या दारात होते किंवा होत नाही.

युती-आघाड्यांच्या समन्वय समित्या असतात. त्या जागांवर बोलतात, महामंडळांवर बोलतात. कुणाची कुठली पेजेस अधिकृत, मित्रपक्षाची बदनामी करणाऱ्या पेजशी पक्षाचे नाते काय, हे मात्र युती जाहीर करताना कुणी सांगत नाही. सांगायला हरकत काय आहे? ज्या दिवशी जागांची यादी येते, त्याच दिवशी खात्यांची यादीही यावी.

निवडणूक आयोगाने यातला काही भाग आधीच करून ठेवला आहे. २५ ऑक्टोबर २०१३ च्या सूचनांनुसार उमेदवाराने अर्जासोबतच्या नमुना २६ मध्ये आपली समाजमाध्यमांवरची खाती लिहायची असतात. इंटरनेट कंपन्यांना दिलेले पैसे, मजकूर तयार करण्याचा खर्च आणि ही खाती चालवणाऱ्या चमूचे पगारसुद्धा निवडणूक खर्चात दाखवायचे असतात. ६ मे २०२४ च्या आदेशानुसार खोटा मजकूर लक्षात आल्यावर पक्षाने तीन तासांत काढायचा असतो. हे सगळे पक्षांना आणि उमेदवारांना लागू आहे. नेत्याचा फोटो आणि पक्षाचा रंग लावून वर्षभर मित्रपक्षाला झोडपणारे, निवडणुकीच्या महिन्यात एकदम एकोप्याचे गाणे वाजवणारे पेज कुणाच्या खर्चात धरायचे, यासाठी नमुना २६ मध्ये रकाना नाही.